घरचं ऑफिस आणि फोटोंचा बॅकअप : सुरुवात कुठून करायची

२०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत पाणी चढायला लागलं, तेव्हा आम्ही खालच्या खोलीतला कॉम्प्युटर उचलून माडीवर नेला. कॅमेऱ्याची बॅग नेली, लेन्सचा डबा नेला, बायकोच्या क्लायंटच्या फायलींचे गठ्ठे नेले. आठ दिवसांनी खाली उतरलो तर टेबलाचा सगळ्यांत खालचा खण फुगून बसलेला. पक्कडीनं ओढून काढला. आत चिखलात माखलेली एक हार्ड डिस्क होती. वर कागदी पट्टीवर माझ्याच अक्षरात लिहिलेलं : ‘बॅकअप’.

कॉम्प्युटर वाचला म्हणून फोटो वाचले. पण मूळ टेबलावर आणि बॅकअप त्याच टेबलाच्या खणात, ही मांडणी चार वर्षं माझ्या डोळ्यांना खटकली नव्हती, याचंच नंतर जास्त आश्चर्य वाटलं.

आमच्या घरात एकाच खोलीतून दोन धंदे चालतात. बायको हिशेबाची आणि जीएसटीची कामं घेते, मी लग्नाचे आणि घरगुती समारंभांचे फोटो काढतो. तिचा सगळा डेटा एका पेनड्राइव्हमध्ये मावेल एवढा, पण एक फाइल गेली तर गहजब. माझा डेटा पोत्यानं मोजावा असा. पुढची मांडणी अशाच घरासाठी आहे : नवशिके फोटोग्राफर, घरून काम करणारे, किंवा दोन्ही.

पायरी १ : आधी मोजा, मग दुकानात जा

‘किती टीबीची घेऊ?’ हा प्रश्न दुकानदाराला विचारायचा नसतो. तो हातात असेल ती देईल.

तुमच्या कॅमेऱ्याची एक रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्यानं काही न बदलता साठवलेला मूळ फोटो, किती एमबीची आहे ते बघा. २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात ती साधारण २५ ते ३० एमबी भरते. एका लग्नात हळदीपासून पाठवणीपर्यंत दोन हजार क्लिक झाले तर ६० जीबी. वर्षाला २५ लग्नं धरली तर दीड टीबी. व्हिडिओ करत असाल तर हा आकडा विसरा, तुमचा दुप्पट-तिप्पट निघेल. आलेल्या आकड्याला तीननं गुणा, म्हणजे तीन वर्षांची जागा कळेल. त्याहून लांबचा विचार करू नका, तोवर डिस्क स्वस्तही होतात आणि म्हाताऱ्याही.

एक बारीक गोष्ट. १ टीबीची डिस्क विंडोजमध्ये लावली की ९३१ जीबीच दिसते आणि नवीन माणूस दुकानदाराशी भांडायला जातो. फसवणूक नसते. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज १०२४ च्या पटीत, एवढाच फरक.

आता डेटाचे तीन ढीग करा. पहिला, गेला तर पुन्हा मिळणार नाही असा : रॉ फाइल्स, टॅलीचा डेटा, करारनामे, क्लायंटनं दिलेली कागदपत्रं. दुसरा, मेहनत करून पुन्हा तयार होईल असा : एक्स्पोर्ट केलेले जेपेग, अल्बमची पानं. तिसरा, इंटरनेटवरून केव्हाही उतरवता येईल असा : सॉफ्टवेअर, ड्रायव्हर, सिनेमे. तिसऱ्या ढिगाचा बॅकअप घ्यायचाच नाही. मी एकदा हिशेब केला तेव्हा माझ्या ‘बॅकअप’ डिस्कवर जवळजवळ पाव भाग हाच पाला होता.

पहिल्या ढिगात दोन गोष्टी हमखास राहून जातात. एक म्हणजे लाइटरूमचा, फोटो एडिट करायच्या सॉफ्टवेअरचा, कॅटलॉग. लाइटरूम क्लासिक बंद करताना ‘बॅकअप घेऊ का’ असं विचारतं, आपण हो म्हणतो आणि निर्धास्त होतो. पण तो बॅकअप फक्त कॅटलॉगचा असतो, म्हणजे तुम्ही केलेल्या एडिटिंगच्या नोंदींचा. फोटो त्यात नसतात. उलट नुसते फोटो जपले आणि कॅटलॉग गेला, तर सहा महिन्यांचं एडिटिंग गेलं. दोन्ही लागतात.

दुसरी गोष्ट आपल्याकडचीच. जुनी पत्रं, पत्रिका, अल्बममधली मराठी नावं युनिकोडच्या आधीच्या फाँटमध्ये टाइप केलेली असतात : श्रीलिपी, कृतीदेव वगैरे. ती फाइल उघडायला तोच फाँट लागतो, नाहीतर ‘चि. सौ. कां.’ च्या जागी इंग्रजी अक्षरं आणि कंसांची खिचडी दिसते. तेव्हा तुमच्या फाँटचं फोल्डरही पहिल्या ढिगात टाका.

घरच्या ऑफिससाठी अजून एक मुदत लक्षात ठेवा. जीएसटीच्या कायद्यानुसार हिशेबाच्या वह्या आणि नोंदी वार्षिक विवरणपत्राच्या देय तारखेपासून ७२ महिने जपाव्या लागतात. त्यामुळे ‘जुनं आहे, उडवा’ हे फोटोंबाबत एक वेळ चालेल, यात चालणार नाही.

पायरी २ : डेटा कसा जातो ते ओळखा

डिस्क कोणती घ्यायची, हे संकट कोणतं यावर ठरतं.

सगळ्यांत नेहमीचं संकट आपला स्वतःचा हात. चुकीचं फोल्डर निवडलं, शिफ्ट आणि डिलीट दाबलं, संपलं. त्यानंतर डिस्क स्वतः मरणं. हार्ड डिस्कमध्ये तबकड्या फिरत असतात आणि त्यांच्यावर केसाहून कितीतरी कमी अंतरावर वाचणारं टोक तरंगत असतं. चालू असताना ती टेबलावरून पडली तर टिकटिक आवाज येतो, आणि तो आवाज एकदा ऐकला की माणूस विसरत नाही. माझी एक अशीच गेली. केबल लोंबत होती, मुलगा चेंडू आणायला टेबलाखाली शिरला.

तिसरं संकट जागेवरचं : पूर, आग, चोरी. चिपळूणनं २२ जुलै २०२१ ला पाहिलं, मुंबईनं २६ जुलै २००५ ला पाहिलं. यात खोलीतलं सगळं एकदम जातं, डिस्क दोन असोत की दहा. चौथं, खंडणीखोर व्हायरस. २०१७ च्या मे महिन्यात वॉनाक्रायनं जगभरचे कॉम्प्युटर असेच कुलूपबंद केले होते. असा व्हायरस कॉम्प्युटरला जोडलेल्या प्रत्येक डिस्कवरच्या फायली कुलपात टाकतो. म्हणून चोवीस तास यूएसबीला लटकवून ठेवलेली डिस्क या संकटात उपयोगाची नाही. काम झालं की काढायची.

इथेच दोन गैरसमज मिटवून टाकतो.

गूगल ड्राइव्ह, वनड्राइव्ह किंवा ड्रॉपबॉक्सवर फोल्डर ‘सिंक’ होतंय म्हणजे बॅकअप झाला, असं नाही. सिंक आरशासारखं असतं. इथे फाइल उडवली की तिथेही उडते. कचरापेटीत काही दिवस राहते आणि जुन्या आवृत्त्याही मिळतात हे खरं, पण तुम्हाला ती फाइल गेल्याचं कळायलाच तीन महिने लागले तर?

दुसरा गैरसमज रेडचा, म्हणजे अनेक डिस्क एकत्र जोडून एकच असल्यासारख्या वापरण्याच्या पद्धतीचा. रेड १ मध्ये दोन डिस्कवर एकच गोष्ट एकाच क्षणी लिहिली जाते. एक डिस्क मेली तर काम थांबत नाही, हा तिचा खरा फायदा. पण तुम्ही चुकून फोल्डर उडवलं तर ते दोन्ही डिस्कवरून त्याच क्षणी उडतं. रेड म्हणजे गाडीची स्टेपनी. गाडीच चोरीला गेली तर स्टेपनीही तिच्याबरोबर जाते.

पायरी ३ : तीन-दोन-एक

पीटर क्रोग या अमेरिकन फोटोग्राफरनं हा नियम रूढ केला, आणि तो फोटोग्राफरकडून यावा यात नवल नाही. डेटाच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यातली एक घराबाहेर. मूळ फाइल ही तीनपैकी एक प्रत धरायची, म्हणजे बॅकअप दोनच लागतात. ऐकायला वाटतं तेवढं महाग नाही.

नवशिक्यांची गल्लत ‘मूळ’ या शब्दावर होते. लॅपटॉपची जागा संपली म्हणून फोटो बाहेरच्या डिस्कवर ‘हलवले’ आणि लॅपटॉपवरून उडवले, तर ती डिस्क हीच आता मूळ प्रत झाली. तिचा बॅकअप शून्य. हे इतक्या जणांच्या बाबतीत बघितलंय की कुणी ‘माझा बॅकअप हार्ड डिस्कवर आहे’ म्हणालं की मी पहिलं विचारतो, ‘आणि लॅपटॉपवर?’

पायरी ४ : काय घ्यायचं

इथे थोडं थांबून बोलतो, कारण पैसे इथेच जातात.

दोन टीबीच्या आत काम असेल तर दोन साध्या पोर्टेबल हार्ड डिस्क घ्या, अडीच इंची, यूएसबीवर चालणाऱ्या. एक घरात, एक घराबाहेर. सोबत ऑफिसच्या कागदपत्रांसाठी क्लाउडचा एक लहान प्लॅन. झाली मांडणी. नव्यानं सुरुवात करणाऱ्या दहातल्या आठ जणांना याहून जास्त काही लागत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

डेटा पाच टीबीच्या पुढे जायला लागला की साडेतीन इंची मोठ्या डिस्क परवडतात. त्यांना वेगळा अडॅप्टर लागतो, बॅगेत घालून फिरवता येत नाहीत, पण दर टीबीमागे स्वस्त पडतात. डॉकिंग स्टेशन मिळतं, त्यात टोस्टरमध्ये पाव सरकवावा तशी डिस्क वरून घालायची, कॉपी झाली की काढून डब्यात ठेवायची.

नॅस म्हणजे घरच्या वायफायला जोडलेली डिस्कची पेटी. सिनॉलॉजी, क्यूनॅप यांच्या दोन खणांच्या पेट्या घरासाठी पुष्कळ होतात. घरातल्या दोन-तीन कॉम्प्युटरचा बॅकअप आपोआप एका जागी येतो, फोनचे फोटोही येतात, ही सोय मोठी आहे. पण पहिली खरेदी म्हणून नॅस घेऊ नका. तिला यूपीएस लागतो, तिचं सॉफ्टवेअर वेळोवेळी अपडेट करावं लागतं आणि बाहेरून फायली बघता याव्यात म्हणून ती थेट इंटरनेटला उघडी ठेवली तर व्हायरसवाल्यांना आमंत्रण दिल्यासारखं होतं. शिवाय नॅस घेतली तरी तिचा बॅकअप वेगळा लागतोच, हे विकणारा सांगत नाही.

एसएसडी की हार्ड डिस्क? एसएसडी म्हणजे फिरत्या तबकड्या नसलेली डिस्क. काम करायला एसएसडी, साठवायला हार्ड डिस्क. एसएसडी पडली तर सहसा काही होत नाही, वेगही कितीतरी जास्त, म्हणून शूटवर सोबत न्यायला ती उत्तम. पण तिच्यात डेटा विजेच्या भाराच्या रूपात असतो आणि वर्षानुवर्षं वीज न देता कपाटात ठेवली तर तो भार झिरपू शकतो. दहा वर्षांपूर्वीची लग्नं एसएसडीत घालून विसरून जाऊ नका.

खोक्यावर न लिहिलेली एक भानगड आहे, सीएमआर आणि एसएमआरची. सीएमआर डिस्कमध्ये डेटाचे पट्टे शेजारी-शेजारी असतात. एसएमआर डिस्कमध्ये ते कौलारू छपरासारखे एकावर एक थोडे चढवून लिहितात, म्हणून कमी जागेत जास्त मावतं. पण मधलं एक कौल बदलायचं तर शेजारची उचलावी लागतात, तसंच इथे जुन्या जागी पुन्हा लिहिताना वेग पडतो. मोठ्या पोर्टेबल डिस्क बहुतेक याच जातीच्या असतात. एकदा भरून ठेवायच्या बॅकअपला त्यानं काही बिघडत नाही. नॅसमध्ये घालायची असेल तर मात्र डिस्कच्या माहितीपत्रकात सीएमआर लिहिलेलं पाहूनच घ्या.

खरेदीचं पथ्य : दोन डिस्क एकाच दिवशी, एकाच खोक्यातल्या जुळ्या घेऊ नका. कंपनी वेगळी घ्या, निदान दुकान तरी. एका घाण्यातला दोष दोघींत असू शकतो. मुंबईत लॅमिंग्टन रोडला जा, पुण्यात तापकीर गल्लीत जा नाहीतर घरबसल्या मागवा, पण सील बघा, पक्कं बिल घ्या आणि डिस्कवरचा सीरियल नंबर कंपनीच्या साइटवर टाकून वॉरंटी खरी आहे का ते त्याच दिवशी तपासा. आणि ‘२ टीबीचा पेनड्राइव्ह’ हॉटेलच्या एका बिलाच्या भावात मिळत असेल तर तो खोटा आहे. कॉम्प्युटरला तो २ टीबी सांगतो, प्रत्यक्षात ३२ जीबीनंतरचं सगळं हवेत लिहितो. एचटूटेस्टडब्ल्यू नावाचं फुकट सॉफ्टवेअर अशी ड्राइव्ह शेवटपर्यंत भरून, परत वाचून खरं-खोटं करतं. नवी कुठलीही डिस्क एकदा त्यातून काढा. रात्रभर लागेल, लागू दे.

वॉरंटीबद्दल एवढंच, की ती डिस्कची असते, आतल्या लग्नाची नव्हे.

पायरी ५ : डिस्क लावा, नाव द्या, नियम बसवा

फॉरमॅट म्हणजे डिस्कवर फायली मांडायची पद्धत ठरवणं. फक्त विंडोज वापरत असाल तर एनटीएफएसमध्ये फॉरमॅट करा. मॅक आणि विंडोज दोन्हीत फिरवायची असेल तर एक्सफॅट, कारण मॅक एनटीएफएस वाचतो पण त्यावर लिहीत नाही. एक्सफॅटला ‘इजेक्ट’ न करता केबल उपटलेली सोसत नाही, हे घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा. मॅकमधलं बॅकअपचं सॉफ्टवेअर, टाइम मशीन, वापरणार असाल तर त्यासाठी वेगळी डिस्क द्या.

डिस्कना नावं द्या. ‘न्यू व्हॉल्यूम’ नावाच्या तीन डिस्क समोर आल्या की रात्री अकराला चुकीची फॉरमॅट होतेच. आमच्याकडे त्यांची नावं कृष्णा आणि वारणा आहेत. कॉम्प्युटरवरही तीच, खोक्यावर चिकटपट्टीवरही तीच.

फोल्डर तारखेनं सुरू करा, वर्ष आधी, मग महिना, मग दिवस, मग समारंभ : ‘२०२५-०२-१४ जोशी साखरपुडा’. आकड्यांच्या क्रमानं आपोआप रांग लागते. मी स्वतः फोल्डरची नावं रोमन लिपीत आणि इंग्रजी आकड्यांत ठेवतो. मराठीचा कमीपणा नाही, पण अल्बमवाल्याचं जुनं सॉफ्टवेअर देवनागरी नाव बघून अडून बसतं आणि तो मलाच फोन करतो.

आता कॉपी करायची कशी. हातानं ओढून टाकणं पहिले तीन आठवडे चालतं. त्यानंतर काय झालं, काय राहिलं हे आठवत नाही आणि ‘ही फाइल आधीच आहे, बदलू का’ या प्रश्नाला आपण डोळे मिटून हो म्हणतो. त्यापेक्षा फ्रीफाइलसिंक घ्या. खासगी वापराला फुकट आहे, विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं. डावीकडे मूळ फोल्डर, उजवीकडे बॅकअप डिस्क. मग पद्धत निवडायची, आणि इथे डोळे उघडे ठेवा. ‘मिरर’ निवडलंत तर डावीकडून उडवलेलं उजवीकडूनही उडतं. ‘अपडेट’ निवडलंत तर नवीन आणि बदललेलं तेवढं जातं, उजवीकडचं काही उडत नाही. नवशिक्यानं अपडेटच निवडावं. डिस्कवर थोडा कचरा साठेल, साठू द्या. शिवाय बदललेल्या फाइलची जुनी प्रत वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवायची सोय त्यात आहे, ती चालू करा. ‘कम्पेअर’ दाबल्यावर काय जाणार आहे त्याची यादी दिसते. तिच्यावर नजर टाकून मगच ‘सिंक्रोनाइझ’.

ऑफिसच्या फायलींसाठी विंडोजमधलंच फाइल हिस्टरी चालू करा. एकाच एक्सेलच्या जुन्या आवृत्त्या त्यात राहतात. टॅलीचा बॅकअप टॅलीच्या आतूनच घ्या. कंपनी उघडी असताना तिचं फोल्डर बाहेरून कॉपी केलं तर अर्धवट प्रत येऊ शकते.

केबल आणि पोर्टकडेही बघा. ६० जीबीचं लग्न यूएसबी ३ च्या पोर्टातून हार्ड डिस्कवर आठ-दहा मिनिटांत उतरतं. तेच जुन्या यूएसबी २ मध्ये लावलं तर अर्धा तास. आतली पट्टी निळी असलेलं पोर्ट बहुधा वेगवान असतं.

पायरी ६ : शूटच्या दिवशी

कॅमेऱ्याला दोन कार्डांचे खण असतील तर दोन्हींवर एकदम लिहिण्याची सेटिंग ठेवा, दुसरं कार्ड ‘भरलं की पुढे’ असं ठेवू नका. घरी आल्यावर हातपाय धुण्याआधी कार्ड लॅपटॉपवर उतरवा आणि लगेच बॅकअप डिस्कवर. दोन जागी फोटो गेल्याशिवाय कार्ड फॉरमॅट होणार नाही, हा नियम. मी भरलेलं कार्ड डबीत उलटं ठेवतो, रिकामं सुलटं. फॉरमॅट नेहमी कॅमेऱ्यातच करायचं.

लग्नसराईत सलग तीन दिवस शूट असतं, तेव्हा हे सगळं मोडतं. त्यासाठी दोन कार्डं जास्तीची ठेवा. कार्ड डिस्कपेक्षा स्वस्त पडतं आणि सुटी येईपर्यंत तेच तुमचा बॅकअप असतं.

पायरी ७ : क्लाउड, पण हिशेब करून

ऑफिसच्या कागदपत्रांसाठी क्लाउड झकास. सगळं मिळून वीस-तीस जीबीच असतं. गूगलची फुकटची १५ जीबी जागा मेल, ड्राइव्ह आणि फोटो या तिघांत वाटलेली असते, त्यामुळे ती पुरेल असं धरू नका. गूगल फोटोजवर अमर्याद फुकट साठवण १ जून २०२१ ला बंद झाली, हेही अजून कित्येकांना माहीत नसतं.

रॉ फाइल्सचं गणित वेगळं. तुमच्या ब्रॉडबँडचा अपलोडचा वेग बघा, डाउनलोडचा नाही. १० एमबीपीएसवर १ टीबी चढवायला सलग नऊ दिवस लागतात, ४० वर अडीच दिवसांच्या आसपास. त्यात वीज जाणार, राउटर गरम होणार. म्हणून मी क्लाउडवर निवडलेल्या फोटोंचे पूर्ण आकाराचे जेपेग आणि लाइटरूमचा कॅटलॉग ठेवतो, रॉ डिस्कवर. घर बुडालं तरी गिऱ्हाइकाच्या हातात अल्बम देता यावा, इतपत.

आणि कुलूप, म्हणजे पासवर्डशिवाय डिस्क वाचता येऊ नये अशी सोय, एन्क्रिप्शन. बायकोच्या फायलींत लोकांचे पॅन, आधार, बँकेचे उतारे असतात. ती डिस्क रिक्षात राहिली तर फोटोंपेक्षा मोठी आफत. विंडोज प्रो असेल तर बिटलॉकर, नसेल तर व्हेराक्रिप्ट, मॅकवर डिस्क फॉरमॅट करतानाच एन्क्रिप्शन. पासवर्ड विसरलात तर तुमचा डेटा तुम्हालाही मिळणार नाही, कंपनीलाही नाही. पासवर्ड आणि बिटलॉकर देतो ती रिकव्हरी की कागदावर लिहा आणि तो कागद डिस्कच्या खोक्यात ठेवू नका.

पायरी ८ : घराबाहेरची डिस्क आणि आपला पावसाळा

दुसरी डिस्क कुठे ठेवायची? बँकेचा लॉकर चालतो, पण तिथे जायचा कंटाळा येतो आणि मग जुनीच डिस्क लॉकरात राहते. ज्या घरी तुमचं जाणं-येणं आहे तिथे ठेवा, फक्त ते घर तुमच्या नदीच्या काठावर नको. आमची एक डिस्क, कधी वारणा तर कधी कृष्णा, पुण्याला बहिणीकडे असते. राखीला बहीण येते, भाऊबीजेला मी जातो, संक्रांतीला आणि मेच्या सुट्टीत कुणीतरी कुणाकडे जातंच. दर भेटीत डिस्कची अदलाबदल : घरची ताजी जाते, तिथली इकडे येते आणि त्याच रात्री भरली जाते.

लेन्सवर बुरशी येते म्हणून आपण सिलिका जेलच्या पुड्या जपतो, डिस्ककडे मात्र बघत नाही. तोच घट्ट झाकणाचा डबा, त्याच पुड्या, तिथेच डिस्क ठेवा. कोकणात राहत असाल तर पुड्या पावसाळ्यात दोनदा बदला. टीव्हीच्या मागे, इन्व्हर्टरच्या वर, देवघराच्या कोनाड्यात डिस्क नको. जेव्हा-जेव्हा लावाल तेव्हा यूपीएसवरच्या कॉम्प्युटरला लावा. वीज जाते तेव्हा एकदा त्रास होतो, आणि झटका देत परत येते तेव्हा दुसऱ्यांदा.

दर दोन-तीन महिन्यांनी क्रिस्टलडिस्कइन्फो उघडून डिस्कची प्रकृती बघा. निळा रंग ठीक, पिवळा झाला की त्या डिस्कवर नवीन काही न टाकता आधी दुसरीकडे कॉपी काढा. निळा असला म्हणजे अमरपट्टा नाही, पाच वर्षं झालेल्या डिस्कला मी निवृत्त करतो.

पायरी ९ : परत आणून बघा

३१ मार्च हा जगभर ‘बॅकअप दिवस’ म्हणून पाळतात. आपल्याकडे त्या दिवशी हिशेब बंद करायची घाई असते, त्यामुळे आम्ही ही पायरी सणावर ढकलली आहे. करायचं एवढंच : बॅकअप डिस्क दुसऱ्याच कॉम्प्युटरला लावायची, कुठलंही एक जुनं फोल्डर निवडायचं, त्यातले पाच-सहा रॉ फोटो पूर्ण आकारात उघडायचे. एक टॅलीचा बॅकअप रिकाम्या जागी रिस्टोअर करून ताळेबंद जुळतो का बघायचं. नुसती नावं दिसली म्हणजे फाइल शाबूत आहे असं नसतं, उघडावीच लागते.

मागच्या भाऊबीजेला ओवाळून झाल्यावर बहिणीनं कपाटातून खोकं काढून पाटाशेजारी ठेवलं. ‘आधी हे बघून घे, जेवलास की झोपशील.’ भाच्याच्या लॅपटॉपला डिस्क लावली. पडद्यावर व्हेराक्रिप्टची चौकट आली, पासवर्ड मागणारी. घरच्या कॉम्प्युटरवर तो साठवलेला, त्यामुळे वर्षभरात एकदाही हातानं टाइप केला नव्हता. तीन वेळा चुकला. लिहिलेला कागद सांगलीत, टेबलाच्या खणात. वरच्या खणात, पण त्याच टेबलाच्या.

बायकोला फोन करून तो वाचून घेतला, तोवर बासुंदी गार झाली होती. त्या कागदाची दुसरी प्रत आता भाच्याच्या लॅपटॉपपासून लांब, बहिणीच्या स्वयंपाकघरात गॅसच्या पुस्तकात आहे. डिस्क बेडरूमच्या कपाटात.